६३ भूमिका आणि एक पान

गेल्या महिन्यात कोल्हापूरजवळ चित्रीकरण होणाऱ्या एका मालिकेच्या कास्टिंगचे काम पाहणाऱ्या मुलीचा निरोप आला. पंचेचाळीस ते पंचावन्न वयाची, सीमाभागातील मराठी सहज बोलणारी स्त्री त्यांना हवी होती. दोन साधी छायाचित्रे, एका मिनिटाचा ओळखीचा व्हिडिओ आणि आजवरच्या कामांची माहिती एका पानात, एवढे तीन दिवसांत पाठवायचे होते. छायाचित्रे आणि व्हिडिओ एका संध्याकाळी झाले. त्या एका पानाने मात्र तिन्ही दिवस घेतले. या तीन दिवसांत जे ठरवावे लागले ते सविस्तर लिहून ठेवावेसे वाटते, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात माझ्यासारखी हौसेने आणि कष्टाने नाटक करणारी पुष्कळ माणसे आहेत आणि आपल्या कामाची यादी कशी करायची हे आम्हाला कोणी कधी बसवून सांगितलेले नाही.

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. १९९१ पासून केलेले प्रत्येक काम मी तीत लिहीत आले: तारीख, गाव किंवा नाट्यगृह, नाटक, भूमिका, दिग्दर्शक आणि शेवटच्या रकान्यात मानधन. काही पानांवर हळदीचे डाग आहेत, कारण यात्रेच्या रात्री प्रयोग संपला की देवळातच बसून मी नोंद करीत असे. एकूण नोंदी ६३ भरल्या. माझ्या भाच्याने त्या सगळ्या संगणकावर उतरवल्या आणि तीन पाने झाली. “आत्या, अक्षर आणखी बारीक केलं की दोन पानांत बसतंय बघ,” तो म्हणाला. त्याने खरोखरच अक्षर बारीक केले आणि ते पान मोबाईलवर उघडून माझ्या हातात दिले. चष्मा लावूनही मला माझेच नाव शोधावे लागले. जी मुलगी ते पान पाहणार होती तीही ते मोबाईलवरच पाहणार होती, आणि तिच्यापुढे त्या दिवशी माझे एकटीचेच पान असणार नव्हते.

अमेरिकेत नट आपले आठ बाय दहा इंचांचे छायाचित्र देतो आणि कामांची यादी त्याच मापात कापून छायाचित्राच्या मागे लावतो, अशी तिथली जुनी पद्धत आहे. एकच पान हा नियम तिथे कागदाच्या मापातून पक्का झाला. आपल्याकडे कागद राहिला नाही, पीडीएफ आली. तरी एका पानाचा नियम राहिला आहे आणि तो योग्यच आहे असे मला आता वाटते. वाचणारा पहिल्या चार-पाच ओळींत ठरवतो की या बाईला बोलवायचे की नाही. म्हणजे प्रश्न ‘काय काय केले’ हा नसून ‘वरच्या पाच ओळींत काय असावे’ हा आहे.

यापूर्वी मी एकदा असे पान केले होते आणि त्यात एक चूक केली होती. काही वर्षांपूर्वी एका मालिकेच्या लग्नाच्या प्रसंगात मी दोन दिवस उभी होते. जरीची साडी नेसून, ताट हातात घेऊन, पाठमोऱ्या बायकांच्या रांगेत. संवाद नव्हता. पण दूरचित्रवाणीवरचे माझ्या नावावर दुसरे काहीच नव्हते, म्हणून मी त्या मालिकेचे नाव यादीत सर्वांत वर घातले आणि पुढे ‘सहायक भूमिका’ असे लिहिले. पुढच्या एका ऑडिशनला समोरच्या तरुणाने नेमके तेच विचारले: पात्राचे नाव काय, कोणत्या प्रसंगात, कोणासमोर संवाद होते? मी खरे ते सांगितले. त्याने शांतपणे मान हलवली आणि कागद उलटा करून ठेवला. त्या कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात माझी वीस वर्षांची रंगभूमी होती. तिच्याकडे त्याची नजर गेलीच नाही. त्याला मी दोष देत नाही. एक ओळ फुगवलेली निघाली की बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवण्याचे त्याला कारण उरत नाही. गर्दीतले काम हे कष्टाचे काम आहे, दिवसाचा रोज त्यातून मिळतो आणि सेटवर कसे वागायचे हेही त्यातून शिकता येते. पण ते भूमिकांच्या यादीत घालू नये. अमेरिकेतही हीच रीत आहे. गर्दीतली कामे तिथे यादीत धरीत नाहीत.

या वेळी मात्र मी वही घेऊन बेळगावातल्याच शहापूरला आमच्या सरांकडे गेले. त्यांनी मला चार नाटकांत दिग्दर्शित केले आहे. आता वय झाले, तालमी घेत नाहीत, पण नजर तशीच आहे. त्यांनी वही मांडीवर घेतली, पेन्सिल मागितली आणि पहिल्या पानापासून एकेक नोंद वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नोंदीपाशी ते एकच गोष्ट विचारीत होते: “यातलं एखादं स्वगत, एखादा प्रवेश, आत्ता इथं उभी राहून करून दाखवशील काय?” ज्या भूमिकेला मी लगेच ‘हो’ म्हणाले तिच्यापुढे त्यांनी टिंब दिले. जिथे मी आठवू लागले तिथे ते पुढे सरकले. दोन तासांत ६३ पैकी १९ टिंबे झाली. जिचे एकही वाक्य आता माझ्या अंगात उरलेले नाही ती भूमिका मी केली होती हे खरे आहे, पण तिच्याविषयी कोणी विचारले तर माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही. यादीतल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवून समोरचा ‘हे सांगा’ म्हणू शकतो, ही गोष्ट मी त्या तरुणाच्या टेबलासमोर शिकले होते. सरांनी तिचा मापदंड करून दिला.

माझी पहिली भूमिका अशीच गेली. एका संगीत नाटकातली सखी. अडीच वाक्ये आणि एक पद, तेही चौघींनी मिळून म्हणायचे. त्या रात्री माझी आई पहिल्या रांगेत बसली होती. सरांनी पान उलटले तेव्हा मी काहीच बोलले नाही.

खरा विचार करावा लागला तो यात्रेतल्या नाटकांचा. बँकेत नोकरी लागण्याआधीची सात-आठ वर्षे मी खानापूर तालुक्यात, बेळगावच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत आणि पलीकडे चंदगड तालुक्यात गावोगावच्या यात्रांमध्ये नाटके केली. गावातली पुरुष मंडळी दोन महिने तालीम करायची. बायकांची कामे करायला गावातून कोणी उभे राहत नसे, म्हणून आम्हाला बोलावणे यायचे. आम्ही प्रयोगाच्या आदल्या दिवशी पोचायचो, एक किंवा दोन तालमी व्हायच्या आणि रात्री अकराला पडदा उघडायचा तो पहाटे चारला पडायचा. संहिता हातात असलेला प्रॉम्प्टर विंगेत बसलेला असे. रंगमंचावर वरून तीन मायक्रोफोन टांगलेले असत आणि संवाद म्हणायचा तर चालत जाऊन त्यातल्या एकाच्या खाली उभे राहावे लागे. भांडण असले तरी नायक-नायिका एकाच मायक्रोफोनखाली खांद्याला खांदा लावून भांडायची. त्या नोंदी माझ्या वहीत २६ आहेत आणि मानधनाचा रकाना फक्त त्यांच्यापुढेच भरलेला आहे.

या २६ नोंदी मी आजवर कोणत्याही कागदावर लिहिल्या नव्हत्या. कारण मोकळेपणाने सांगते. शहरातल्या हौशी मंडळींत पैसे घेऊन खेड्यात काम करणाऱ्या बाईकडे पाहण्याची एक नजर होती आणि ती मला ठाऊक होती. नोकरी लागली, लग्न झाले, त्यानंतर मी ती वर्षे झाकून ठेवली. सरांना त्यातले थोडेच माहीत होते. त्यांनी ती पाने वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “अगं, हीच तर तुझी शाळा. ही कुठं लपवून ठेवली होतीस इतके दिवस?”

मला त्यांचे म्हणणे पटायला रात्र गेली, पण पटले. एका तालमीवर अनोळखी माणसांसोबत पाच तास उभे राहणे, पाठांतर चुकलेल्या नायकाला सांभाळून घेणे, वीज गेली तर अंधारात संवाद चालू ठेवणे आणि हजार-दोन हजार माणसांच्या कुजबुजीवर आवाज पोचवणे हे काम त्या नाटकांनी माझ्याकडून करून घेतले. मालिकेच्या सेटवर संवाद सकाळी हातात पडतात आणि दुपारी चित्रीत होतात. तिथे हीच सवय लागते. सर्व २६ लिहिणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते, कारण ती नाटके गावाबाहेर कोणाला माहीत नाहीत आणि एकाखाली एक लिहिली तर वाचणाऱ्याला ती सारखीच दिसतात. म्हणून त्यांची एकच ओळ केली: ‘यात्रेतील ग्रामीण नाटके, खानापूर, बेळगाव व चंदगड तालुके, २६ प्रयोग, मुख्य स्त्री भूमिका.’ त्याखाली ज्या दोन भूमिका मला आजही तोंडपाठ आहेत त्यांची नावे घातली. सारखी कामे पुष्कळ असतील तर त्यांची अशी एक ओळ करावी आणि आकडा खरा लिहावा. आकडाच तिथे बोलतो.

त्यानंतर आला कन्नडचा प्रश्न, आणि याविषयी मला अधिक लिहायचे आहे. बँकेने माझी बदली बेळगाव जिल्ह्यातल्याच बैलहोंगलला केली होती. तिथे चार वर्षे राहिले. शाखेतल्या आणि शेजारच्या शाळेतल्या मंडळींनी मिळून एक कन्नड नाटक बसवले आणि त्यातली म्हातारी आई मला दिली, कारण माझे मोडके कन्नड त्या आईला शोभेल असे त्यांना वाटले. दोन महिने मी त्या भाषेवर मेहनत केली. मुलाचे प्रेत अंगणात आणून ठेवतात त्या प्रवेशात माझ्यावर फक्त एक शब्द होता, ‘यव्वा’. आपण ‘आई गं’ म्हणतो तसा. शेजारची शिक्षिका मला तो रोज संध्याकाळी म्हणून दाखवायची. दुसऱ्या अक्षरावर किती थांबायचे, श्वास आधी घ्यायचा की नंतर, हे तिने शिकवले. त्या नाटकाचे पाच प्रयोग झाले. आयुष्यात केलेल्या सर्वांत चांगल्या तीन कामांत मी ते धरते.

आणि तरीही तेही माझ्या यादीत कधी नव्हते. मराठी माणसाकडे पाठवायच्या कागदावर कन्नड नाटक कशाला, असे कोणी मला सांगितले नव्हते. मीच ते न विचारता गृहीत धरले होते. सीमाभागात राहणाऱ्या माणसाच्या मनात अशी दोन कपाटे होतात. इथल्या भाषेच्या प्रश्नाची माझ्या घरालाही झळ लागलेली आहे आणि मराठीविषयीची माझी माया कमी झालेली नाही. पण नटीच्या कागदावरून अर्धे काम पुसून टाकल्याने त्या मायेत कोणतीही भर पडत नाही. १८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत नाटकमंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि तसे काही मराठीत करण्यास विष्णुदास भावे यांना सांगितले. १८४३ मध्ये भाव्यांचा खेळ उभा राहिला आणि तिथून आपण मराठी रंगभूमीची वर्षे मोजतो. १८८० मध्ये पुण्यात मराठी संगीत नाटक उभे करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला. गोकाक भागातील कुळगोडच्या तम्मण्णांच्या श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याची परंपराही याच जिल्ह्यातली. ज्या मातीत या दोन्ही परंपरा शेजारी राहिल्या तिथल्या नटीने आपल्या एका भाषेतले काम झाकावे, हे मला आता चुकीचे वाटते.

व्यवहाराच्या दृष्टीनेही ते चुकीचेच होते. ज्या भूमिकेसाठी विचारणा आली होती ती बाई सीमाभागातली होती. तिच्या मराठीत कन्नडचा हेल येणार, एखादे वाक्य ती शेजारणीशी कन्नडमध्ये बोलणार. पुण्या-मुंबईच्या नटीला जे शिकून घ्यावे लागेल ते माझ्याकडे आधीपासून होते आणि मी तेच खोडून पाठवत होते. सरांनी ती ओळ वरून तिसरी लावली. भाषांच्या रकान्यातही मी नेमकेपणा ठेवला: मराठी (प्रमाण, बेळगावी बोली व चंदगडी बोली), कन्नड (उत्तर कर्नाटकी; बोलते व वाचते), हिंदी, कोकणी (समजते, बोलत नाही). ‘बहुभाषिक’ असा एक शब्द लिहून काही कळत नाही. कास्टिंग करणाऱ्याला ‘काय करूलंय’ म्हणणारी बाई हवी असते आणि ती मी आहे हे त्याला पहिल्या नजरेत कळले पाहिजे.

राज्य नाट्य स्पर्धेचे काम सर्वांत वर ठेवले, याविषयी दुमत नव्हते. तिथे मिळालेले अभिनयाचे गुणवत्ता प्रमाणपत्र आधी मी ‘पुरस्कार’ असा वेगळा भाग करून तळाशी लिहिले होते. सरांनी ते उचलून त्या भूमिकेच्याच ओळीत घातले. नाटक, भूमिका, दिग्दर्शक आणि तिथेच प्रमाणपत्र, असे असले की वाचणाऱ्याला परीक्षकांनी नेमके कशाला दाद दिली ते कळते. तळाशी एकटे पडलेले प्रमाणपत्र वक्तृत्वाचे आहे की अभिनयाचे, हेही कळत नाही. तालुका पातळीवरच्या इतर बक्षिसांचा उल्लेख काढला.

एक नोंद काढताना मात्र मी सरांशी वाद घातला. २०१५ च्या फेब्रुवारीत गायिका-अभिनेत्री फैय्याज यांच्या अध्यक्षतेखाली ९५ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन बेळगावात भरले. त्यासाठी आम्ही आठवडाभर राबलो. स्वागत, निवास, जेवणाच्या पंगती, येणाऱ्या कलावंतांना रंगमंचापर्यंत नेणे. त्या दिवसांचा मला अभिमान आहे आणि तो मी यादीत लिहिला होता. सर म्हणाले, यात तुझी भूमिका कोणती? मी म्हटले, कार्यकर्तीची. ते काही बोलले नाहीत. घरी येताना मला त्यांचे म्हणणे समजले. तो माझ्या शहराच्या इतिहासातला दिवस आहे आणि त्यातला माझा वाटा मी नातवंडांना सांगेन; पण मला आई, सासू, मोलकरीण किंवा सरपंचीण म्हणून उभे करायचे की नाही हे ठरवणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. ओळ काढली. महाविद्यालयातल्या मुलांच्या एका लघुपटात मी मुख्य काम केले होते, तेही काढले, कारण संकलन पूर्ण झालेच नाही आणि पाहायला मागितले तर दाखवायला काही नाही.

अशा रीतीने अकरा ओळी उरल्या. प्रत्येकीत शक्यतो तीनच गोष्टी ठेवल्या: नाटक, भूमिका, दिग्दर्शक किंवा संस्था. नाटक सर्वांना माहीत असेल तर पात्राचे नाव पुरते. नवीन संहिता असेल तर ‘पार्वती’ एवढ्यावरून कोणाला काय कळणार? तिथे ‘पार्वती, विधवा जाऊ, मध्यवर्ती भूमिका’ असे लिहिले. क्रम वर्षांचा ठेवला नाही. जे काम या भूमिकेला सर्वांत जवळचे ते वर, मग वजनाने. जन्मतारखेऐवजी ‘४५ ते ५५ वयाच्या भूमिका’ असे लिहिले. अंगी असलेल्या इतर गुणांत भाच्याने हौसेने ‘तलवारबाजी’ घातली होती, कारण एका ऐतिहासिक नाटकात मी तलवार हातात घेतली होती. ती काढून ओव्या, जात्यावर दळणे, चुलीवर भाकरी आणि दुचाकी चालवणे एवढेच ठेवले. यातले काहीही ते मला उभ्या उभ्या करायला सांगू शकतात आणि मी करीन.

राहण्याच्या ठिकाणाविषयी दोन ओळखीच्यांनी सल्ला दिला की कोल्हापूर लिही, नाही तर जाण्यायेण्याचा आणि मुक्कामाचा खर्च नको म्हणून स्थानिक कलाकारच घेतात. त्यांचा हेतू चांगला होता. बेळगाव ते कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर, सरळ महामार्ग. मी ‘बेळगाव’ असेच लिहिले आणि पुढे ‘कोल्हापूरला स्वखर्चाने येण्याची तयारी, तिथे नातेवाइकांकडे मुक्कामाची सोय’ असे जोडले. त्यांची अडचण खर्चाची आहे. तिचे उत्तर त्या ओळीत आहे. गाव बदलण्याची गरज नाही.

पान पाठवल्यावर चौथ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. स्पर्धेविषयी तिने काही विचारले नाही. तिने दोनच गोष्टी विचारल्या: यात्रेतली नाटके म्हणजे रात्रभर चालतात तीच का, आणि कन्नड नाटकातला एखादा प्रवेश करून दाखवता येईल का. येत्या गुरुवारी जायचे आहे. भाच्याने सर्व ६३ नोंदींची मूळ फाईल वेगळी जपून ठेवली आहे, कारण उद्या धारवाडहून विचारणा आली तर बैलहोंगलचे नाटक सर्वांत वर जाईल आणि संगीत नाटकासाठी कोणी बोलावले तर ती चौघींनी म्हटलेल्या पदाची सखीसुद्धा पानावर परत येईल. बैलहोंगलच्या त्या शिक्षिकेला काल फोन केला होता. तिने फोनवरच तो शब्द तीनदा म्हणून दाखवला, आणि मी किती वर्षांनी तो म्हणते आहे हे ऐकून चौथ्यांदा पुन्हा म्हणायला लावला.